भावाला बुद्धिबळ आणि लॉन बोल्स दोन्ही खेळायचंय, जमेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फार कमी दिसतं, पण बुद्धिबळ जबरदस्त खेळतो, कॉलेजात डोळस मुलांना पण हरवतो. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये आपल्या बायकांच्या टीमने लॉन बोल्सचं, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचं, गोल्ड घेतलं ते टीव्हीवर लागलं होतं, तेव्हापासून त्याला तो पण खेळ शिकायचाय. बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या होतील. खरंच दोन्ही जमतं का हो? – एक वाचक, सांगली

उत्तर: जमतं गं. बाबांना आधी हे सांग की २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई पॅरा गेम्समध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धेत, बुद्धिबळ आणि लॉन बोल्स दोन्ही खेळ होते. बुद्धिबळात आपल्या किशन गंगोलीने अंशतः दिसणाऱ्यांच्या गटात गोल्ड घेतलं, म्हणजे तुझ्या भावासारख्याच मुलांच्या गटात, आणि पोलिओ झालेल्या जेनिथा अँटोनेही तिच्या गटात गोल्डच आणलं.

आता मला स्वतःला हे दोन खेळ इतके लांबचे वाटतच नाहीत. अंधांच्या बुद्धिबळात दोघांसमोर आपापला पट असतो, काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक, आणि चाल मोठ्याने बोलायची, 'गुस्ताव एक, फेलिक्स तीन' असं, म्हणजे जी१ वरून एफ३ वर. बोटाने मोहरे चाचपले तर चालतं, मोहरा भोकातून बाहेर काढला की मगच तो हलवावा लागतो. बोल्समध्ये काय, तर तो बोल, म्हणजे चेंडू, मुळातच एका बाजूला वळत जाणारा, वेग कमी झाला की अजून वळतो, आणि जॅक नावाच्या छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. कमी दिसणाऱ्या खेळाडूसोबत डायरेक्टर, म्हणजे वाट सांगणारा मदतनीस, असतो, तो घड्याळाच्या भाषेत सांगतो, जॅक घड्याळाच्या मधोमध आहे असं समज, तुझा बोल चारच्या आकड्याकडे, हातभर लांब. मग खेळाडूने ते चित्र डोक्यात मांडून पुढचा बोल सोडायचा. जो मुलगा अख्खा पट डोक्यात ठेवतो त्याला ही सवय आधीच आहे ना!

अडचण आहे ती मैदानाची. बुद्धिबळ घरी बसून होतं, आणि मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी, जे स्वतः अंध आहेत, अंधांच्या बुद्धिबळाची देशपातळीवरची संघटना उभी केलीय, तिथे चौकशी कर, डोळ्यांच्या तपासणीचे कागद जवळ ठेव, कारण बी१ (पूर्ण किंवा जवळजवळ अंध), बी२, बी३ (थोडंफार दिसणारे) हे गट दृष्टीवरूनच ठरतात. बोल्सला मात्र एकदम सपाट, बारीक कापलेली हिरवळ लागते, ती रांची, दिल्ली, कोलकात्याकडे, त्यामुळे वर्षभर बुद्धिबळ आणि सुट्टीत बोल्सचं ट्रेनिंग असं ठरवलं तर कशाचीच चिंधी होत नाही.

आणि डायरेक्टर घरातलाच कुणी झाला तर फार सोपं पडतं. २०२२ ला बर्मिंगहॅमलाच स्कॉटलंडच्या कमी दिसणाऱ्या जोडीने गोल्ड घेतलं, त्यात डायरेक्टर जॉर्ज मिलर ७५ वर्षांचे होते आणि गोल्ड मेडल त्यांच्याही गळ्यात पडलं. बाबांना विचारून तर बघ, येतात का शिकायला.