प्रवासाच्या अ‍ॅपमधून आधी काय काढायचं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मावसभाऊ १८ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, शृंगारतळीहून चिपळूणला आयटीआयला त्याला एकट्याने एसटीने जायचंय आणि त्याच्यासाठी तू अ‍ॅप करतो आहेस. तो कुठे आहे ते आईबाबांना सतत दिसेल, रस्ता सोडला की भोंगा वाजेल, पायरीपायरीला आवाजात सूचना येईल. आणखी काय घालू, असं विचारलंयस. मी म्हणेन, आधी यातलं बरंचसं काढ. तुला खट्टू करायला हे लिहीत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आमच्या घरात करून झाली आहे.

माझा धाकटा भाऊ आता तिशीपुढचा आहे. आम्ही हर्णैचे. तो दापोलीजवळ एका रोपवाटिकेत कलमांच्या पिशव्या भरायला जातो. काही वर्षांपूर्वी मी त्याच्या फोनवर माझ्या आवाजात १४ गजर लावले होते. ऊठ. दात घास. डबा घे. चप्पल घाल. सगळं वेळेवर व्हायचं आणि मला वाटायचं, जमलं. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड आडवे झाले, पत्रे उडाले, लाइट आणि रेंज गेली ती कितीतरी दिवस. फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीतला चिखल काढत होते. दहाच्या सुमारास आत आले तर हा अंथरुणावर तसाच बसलेला. तोंड धुतलेलं नाही, चहा नाही. दात घासणं त्याला सहाव्या-सातव्या वर्षापासून येत होतं. तो माझ्या आवाजाची वाट बघत होता. त्याला येत असलेली गोष्ट त्या गजरांनी मी त्याच्याकडून काढून घेतली होती. विशेष शिक्षक याला प्रॉम्प्ट डिपेंडन्सी म्हणतात, म्हणजे कुणी सांगितल्याशिवाय पुढचं पाऊलच न उचलणं. मला तो शब्द नंतर कळला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे. तो विचारेल तेव्हा साधनाने सांगावं, एरवी गप्प राहावं.

वादळानंतर आम्ही कागदावर आलो. त्याच्याच हाताने काढलेले फोटो, लॅमिनेशन केलेले, दोरीत ओवलेले. एक झालं की तो स्वतः कार्ड उलटतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७२ मध्ये ऑटिस्टिक माणसांसाठी उभा केलेला टीच हा कार्यक्रम याच वाटेने जातो. त्यांच्या मांडणीत माणसाला चार गोष्टी नुसत्या बघून कळाव्या लागतात: काम कुठलं, किती, संपलं हे कसं ओळखायचं आणि त्यानंतर काय. तुझ्या पडद्यालाही हीच कसोटी लाव. आज भावाच्या फोनवर तेच फोटो आहेत आणि खाली ‘पुढे काय?’ एवढंच बटण. तो दाबेल तेव्हाच पुढचा फोटो येतो. इंटरनेट लागत नाही, कारण आमच्याकडे पावसाळ्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. दोरीतली कार्डं अजूनही पिशवीत असतात.

फोटोंबद्दल एक आठवण. सुरुवातीला मी नेटवरून बसचं चित्र घेतलं होतं. ते पिवळ्या बसचं होतं. दापोली स्थानकात तो पिवळी बस येईपर्यंत थांबला आणि समोरून दोन लाल गाड्या निघून गेल्या. चूक त्याची नव्हती, त्याने चित्र अगदी बरोबर वाचलं होतं. म्हणून चित्रं बाहेरून आणू नकोस. त्याचा फलाट, त्याची पाटी, त्याचं उतरायचं ठिकाण, सगळे फोटो त्यालाच काढू दे.

आता पाळतीबद्दल. लहान मूल धूम ठोकून खाडीकडे किंवा समुद्राकडे धावत असेल तर ट्रॅकर लावावाच, त्यात मला शंका नाही. पाण्याशेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण तुझा मावसभाऊ १८ वर्षांचा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्याला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता देतो, पैशाचे व्यवहारसुद्धा त्यात आले. आपण कुठे आहोत हे कुणाला दिसावं, हे त्याला विचार. ‘नको’ म्हणाला तर ते ऐकायची तयारी ठेवूनच विचार.

आमच्याकडे ‘पोचलो’ असं बटण आहे. ते तो दाबतो आणि घरी एसएमएस येतो. रेंज मरतुकडी असली तरी एसएमएस बऱ्याचदा जातो. संध्याकाळी सातपर्यंत तो घरी आला नाही तर मी आधी रोपवाटिकेत फोन करायचा, हे दोघांनी मिळून ठरवलंय. एकदा सात वाजून गेले. रोपवाटिकेतून तो वेळेवर निघाला होता. पुढचा पाऊण तास माझ्या जिवाचं काय झालं ते सांगत नाही. पावणेआठला तो आला, पँट गुडघ्यापर्यंत ओली. वाटेत आसूदला उतरून पऱ्यात पाय सोडून बसला होता आणि मग पुढची गाडी धरून आला होता. मी ओरडले त्याच्यावर. रात्री लक्षात आलं की तो स्वतःच्या मनाने उतरला, स्वतः दुसरी गाडी ओळखली आणि घरी आला. भोंगा असता तर मी रिक्षा करून त्याला आसूदहून उचलून आणलं असतं. १९७२ साली अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी लिहिलं होतं की जोखीम घेऊ देण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. ते मला त्या ओल्या पँटीने पटवलं. त्यानंतर कार्डांत एक भर पडली: ‘उशीर होईल’. तो एसएमएसही तोच पाठवतो.

बारीकसारीक गोष्टी. लॉगिनला कोडी, वाकडीतिकडी अक्षरं ओळखणं ठेवू नकोस. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या ऑक्टोबर २०२३ च्या निकषांतही हे आहे: आत जाण्यासाठी स्मरणशक्तीची किंवा बुद्धीची परीक्षा द्यावी लागू नये, किमान एक सोपी वाट असावी. मोजून सेकंद देणं टाळ. भावाला पिन कायम पाठ असतो, पण मागे कुणी ‘चला, चला’ म्हणालं की हात थांबतो. म्हणून तो फुटकळ खर्च यूपीआय लाइटवरून करतो. तिथे लहान रकमेला पिन लागत नाही आणि वॉलेटमध्ये थोडेच पैसे राहत असल्याने घरच्यांनाही घोर नसतो. तिकिटापुरते सुट्टे पैसे वेगळ्या पाकिटात. अ‍ॅपचं आपोआप अपडेट बंद ठेव, कारण बटण एका बोटाने सरकलं तरी त्याच्यासाठी ते नवं अ‍ॅप होतं. आणि चांदण्या, फटाके, ‘शाब्बास’ हे सगळं काढ. तो आयटीआयला जाणारा तरुण आहे.

त्याला बोलणं जड जात असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो बघ. चित्रांवर बोट ठेवून बोलायचं साधन आहे, मराठीतही चालतं, फुकट आहे. नव्याने काही लिहिण्याआधी ते त्याच्या हातात देऊन बघ.

पण सगळ्यात आधी लॅपटॉप बंद करून आठ दिवस त्याच्याबरोबर गाडीतून जा. सूचना देऊ नकोस. तो कुठे अडतो तेवढंच वहीत टिपून ठेव. तुला वाटतं, रस्ता चुकेल. माझा अंदाज, रस्ता त्याला तुझ्याहून चांगला पाठ असेल. चिपळूण स्थानकातला कर्ण्याचा आवाज, किंवा कंडक्टरचं ‘पुढे सरका’, असं काहीतरी नडत असेल आणि त्यावर उपाय कानात घालायचे साधे बोळे किंवा पुढची सीट एवढाच असेल. वहीत टिपलेलं त्याला वाचून दाखव आणि विचार, यातल्या कशासाठी तुला फोन हवा? तो म्हणेल तेवढंच कर. पुढे अ‍ॅप तपासून घेशील तेव्हा त्या वेळेचे पैसेही त्याला दे, कारण ते काम आहे.

आमच्या कार्डांचे फोटो हवे असतील तर सांग. भावाला विचारते, तो हो म्हणाला तर पाठवते.