"याला काही कमी पडू दिलं नाही, तरी हा नोकरीत टिकत का नाही?"

"मॅडम, आम्ही एवढं राबलो, याला काही कमी पडू दिलं नाही आणि हा एका नोकरीत सहा महिने टिकत नाही." हे मी इतक्या आईवडिलांकडून ऐकलंय की "आम्ही एवढं" म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. आणि मग ठरलेलं, ही पिढीच आळशी, मोबाईलने वाट लावली वगैरे. म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एक केस लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डोंबिवलीचं कुटुंब. मुलगा चोविशीचा, इंजिनिअर, तिसरी नोकरी सोडून घरी बसलेला. वडील अकाउंट्समध्ये, पन्नाशी ओलांडलेले. त्यांचं लहानपण लालबागच्या चाळीत, आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे कापड विणायचा माग चालवणारे. जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येक जणांना परत गिरणीत पाऊल टाकायला मिळालंच नाही. तेव्हा हे दहा वर्षांचे. आजोबा गावाला शेतीकडे गेले, आजीने परळच्या हॉस्पिटलांत आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी चपातीभाजीचे डबे सुरू केले आणि ते पोचवायचं काम यांच्याकडे.

"सकाळी डबे टाकून मग शाळेत जायचो, पावसात सुद्धा." वडील सांगत होते आणि पोरगा खुर्चीत खाली खाली सरकत होता. हे त्याने शंभर वेळा ऐकलेलं दिसत होतंच.

मी त्याला विचारलं, शेवटची नोकरी का सोडलीस? म्हणाला, क्लायंटला चुकीची शीट गेली, सीनियर सगळ्यांसमोर बोलला, दुसऱ्या दिवशी गेलोच नाही, मेल टाकला. मी सहज विचारलं, मेल तूच लिहिलास? पोरगा गप्प. वडील गप्प. मग वडीलच हळूच म्हणाले, "ड्राफ्ट मी करून दिला, याचं इंग्लिश जरा..."

पुढे पुढे आणखी निघालं. नोकरीच्या साइटवरचा त्याचा पासवर्ड वडिलांकडे, रेझ्युमे तेच अपडेट करणार, कॉलेजचे फॉर्म त्यांनीच भरलेले, एकदा प्रोजेक्टची मुदत चुकली तर सरांना भेटायला हेच गेलेले. आणि हे सगळं करताना तोंडाने अखंड चालू, "तुझ्या वयात मी घर चालवत होतो." डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकात पालकांचे तीन प्रकार सांगितले, नुसता धाक दाखवणारे, मोकाट सोडणारे आणि माया ठेवून जबाबदारी अंगावर टाकणारे. मला आपल्याकडे अजून एक प्रकार फार दिसतो, तोंडाने कडक आणि हाताने लाडावणारे. पोराला बोलणी पहिल्या प्रकारची मिळतात आणि सवयी दुसऱ्या प्रकारच्या लागतात.

मी म्हटलं पुढच्या वेळी आजींना घेऊन या. वडिलांना ते पटलं नव्हतं, म्हातारीला कशाला त्रास, पण आणलं.

मी विचारलं, "आजी, यांना कामाची सवय कशी लावलीत?"

"सवय कसली लावतेय बाई, मला दुसरं माणूसच नव्हतं. डबे हा न्यायचा आणि वही पण ह्याच्याकडेच. कोणाचे किती झाले, कोणाकडे किती राहिले, सगळं हा लिहायचा. एकदा तर ह्याने एकाचे पाच दिवसाचे डबे लिहिलेच नाहीत, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी गावाला निघालेला."

"मग? मारलंत?"

"मारून पैसे येणार होते का? म्हटलं तूच जा आणि तूच माग. रडत गेला. तीन दिवसाचे घेऊन आला. पण त्यानंतर वही कधी चुकली नाही हो ह्याची."

वडील बघतच राहिले. डबे, पाऊस, शाळा हे सगळं त्यांनी पोराला हजारदा सांगितलं होतं, पण हा किस्सा कधीच नाही, बहुतेक त्यांच्याच डोक्यातून गेला होता. पोरगा सरळ बसला. "पप्पा, तुमचं पण चुकलं होतं?"

"हो रे. दोन दिवसाचे बुडाले."

"आणि आजी काहीच बोलली नाही?"

"दुसऱ्या दिवशी परत वही माझ्याच हातात दिली."

मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला बऱ्याच वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर जमायला लागलंय. थोड्या वेळाने वडीलच म्हणाले, "मी याच्या हातात वही दिलीच नाही कधी."

केस मला तिथे उलगडली. वडिलांना वाटत होतं आपण गरिबीमुळे कष्टाळू झालो, मग पोराला गरिबी नाही म्हणून ती गोष्टीतून तरी पाजायची. पण त्यांना घडवलं ते घराला त्यांची गरज होती याने, आणि चूक झाल्यावर ती निस्तरायचं कामही त्यांच्याकडेच राहिलं याने. ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या 1930 च्या मंदीत वाढलेल्या ओकलंडच्या मुलांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसतं की घराची कमाई घटली तेव्हा मुलगे बाहेर छोटीमोठी कामं करायला लागले, मुली घर सांभाळायला, आणि त्या जबाबदारीतून ती लवकर मोठी झाली. म्हणून काही पोरांना हालात ढकलायचं नसतं, त्याच संकटात कितीतरी मुलं मोडतातही, गिरणगावात काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

अजून एक. या वडिलांची तक्रार होती की पोरगा रविवारी ऑफिसचा फोन उचलत नाही, म्हणजे आळशी. मी त्यांना म्हटलं, रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना 1890 मध्ये मिळाली ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि तुमच्या वडिलांनी ती आयुष्यभर हक्काने घेतली. पाळी संपली की साचा बंद. नोकरी जाईल या भीतीने रात्री नऊपर्यंत बसणं ही तुमची सवय, संपाच्या घरात वाढलात म्हणून लागलेली, तिला कष्टाळूपणा म्हणून पोराच्या गळ्यात नका घालू.

मग आम्ही ठरवलं की पासवर्ड पोराने बदलायचा आणि घराचं लाइट बिल, सोसायटी मेंटेनन्स, आजीची शुगरची तपासणी हे सगळं त्याच्याकडे. पहिल्याच महिन्यात लाइट बिलाची तारीख गेली. वडिलांचा मला फोन, "भरून टाकू का?" नाही म्हटलं. दंड बसला, पोराने तो स्वतःच्या शिल्लक पैशातून भरला. आता तो भिवंडीला एका गोदामाच्या ऑफिसात लागलाय, सीनियरला शिव्या घालतो पण जातो. वडील अजून मधेच "अप्रेझल कधी?" विचारतात, ते सुटायला वेळ लागेल.

एक मात्र बघा. सारखी नोकरी सोडणारा प्रत्येक पोरगा या साच्यात बसत नाही. झोप उडालीय, कशातच रस नाही, माणसं टाळतोय असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि कधी कधी नोकरीच खरंच वाईट असते.

तुमचं मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर फार सोपं आहे. "तू फक्त अभ्यास कर" हे वाक्य बंद करा आणि असं एक काम द्या की ते झालं नाही तर घराचं खरंच अडेल. सकाळचं दूध आणणं, पाणी भरणं, काहीही. वाकडंतिकडं केलं तर त्याच्या मागून जाऊन नीट करू नका, विसरला तर त्या दिवशी सगळ्यांनीच बिनदुधाचा चहा प्यायचा, आरडाओरडा न करता. "केवढा हुशार गं माझा" म्हणण्यापेक्षा "आज वेळेत आणलंस, बरं झालं" एवढं पुरे.

आणि याचे पैसे द्यायचे का, हे सगळे विचारतात. रोजच्या कामाचे नाही. गाडी धुणं, माळा साफ करणं असं जास्तीचं काही केलं तर खुशाल द्या, पण दूध आणण्याचे द्यायला लागलात की एक दिवस तो म्हणेल, आज मला पैसे नकोत, दूध तुम्हीच आणा.