शिवाराचे प्रश्न: पाचट, पालापाचोळा आणि हरवलेला युरिया

या वेळच्या टपालात खताच्या मात्रेपेक्षा वेगळी विचारणा जास्त होती. टाकलेलं खत आणि पिकानं उचललेलं अन्न शेवटी जातं कुठं? निवडक प्रश्न घेतले आहेत. थोडक्यात सांगायचं तर नत्र (नायट्रोजन) हवेतून आणि पाण्यातून पळतं, स्फुरद (फॉस्फरस) मातीबरोबर वाहतं आणि पालाश (पोटॅश) ताटांत म्हणजे खोडांत, पानांत, काडात बसून शेताबाहेर जातं. तिघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून बंदोबस्तही वेगळा.

प्रश्न: आमच्याकडं ऊस तोडून गेला की मागं राहिलेली वाळकी पानं, म्हणजे पाचट, पेटवतात. राख खतच आहे, शिवाय जाळलेला खोडवा हिरवागार दिसतो. मग जाळू नका असं का सांगता? (वाचक, चिकोडी तालुका)

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं पीक, हिरवा दिसतो हे खरं आहे. राखेतला पालाश आणि चुना लगेच पाण्यात उतरतो, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे पीक टवटवीत राहतं. पण जाळताना काय गेलं तेही मोजा.

एका एकरात साधारण ३ ते ४ टन पाचट पडतं. टनामागे ढोबळमानानं ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ७ ते १० किलो पालाश आणि सुमारे ४०० किलो सेंद्रिय कर्ब (कार्बन) असतो. पेटवल्यावर नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं, गंधकाचाही मोठा वाटा जातो आणि कर्ब तर संपतोच. स्फुरद-पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतात, पण वाऱ्यानं किंवा पहिल्याच पाटपाण्यानं राख बांधाकडं गेली तर तेही गेलं. म्हणजे एकराला १५ ते २० किलो नत्र आणि टनाहून जास्त कर्ब एका दुपारी उडतो.

पाचट ठेवून पाहिलं तर खोडवा पिवळा पडला, अशी तक्रार याच पत्रात पुढं आहे. त्याचंही कारण आहे. पाचटात कर्ब आणि नत्राचं प्रमाण सुमारे ८०:१ असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५:१ च्या आसपास हवं असतं. कमी पडलेलं नत्र ते जमिनीतून ओढतात आणि तेवढे दिवस ऊस उपाशी राहतो. हे नत्र हरवत नाही, जिवाणू मेले की परत सुटतं. पण खोडव्याला फुटवे फुटायच्या वेळी ते लागतं, चार महिन्यांनी नव्हे.

म्हणून असं करा. तोड झाल्यावर बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा आणि बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर विस्कटा, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून वरून पसरा आणि त्याच दिवशी पाणी द्या. पाणी लांबलं तर पाचटावरच्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, आणि चुनखडीच्या काळ्या रानात जास्तच. नंतर ओल्या जमिनीवर पाचट पायानं दाबून घ्या, कारण मातीला न टेकलेलं पाचट नुसतं वाळत बसतं.

या ८ किलो युरियातून जेमतेम पावणेचार किलो नत्र मिळतं. त्यानं ८०:१ चं प्रमाण ४५:१ च्या घरात येतं, २५:१ होत नाही. त्यामुळे खोडव्याची नेहमीची मात्रा यात धरू नका. ती पहिल्या पंधरवड्यात निम्मी पहारीनं द्यायची: बुडख्यापासून १० ते १५ सेंमी अंतरावर, १० ते १५ सेंमी खोल, दोन भोकांत एक फूट. उरलेली निम्मी १३० ते १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. पाणी साचणाऱ्या रानात पाचट एकाआड एक सरीतच ठेवा.

प्रश्न: ऊस कारखान्याला गेला की जमिनीतलं सत्त्व साखरेतून कायमचं गेलं ना? (वाचक, अथणी)

साखरेत कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच असतो, आणि तिन्ही हवा-पाण्यातले. तुमच्या जमिनीतलं जे उसाबरोबर गेलं ते कारखान्याच्या मागच्या दारी पडलेलं असतं: स्फुरद आणि चुना प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात), पालाश मुख्यतः मळीत (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात) आणि पुढं डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, थोडा बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेत. परत आणायला प्रेसमड सगळ्यात सोयीचा. ताजा मात्र टाकू नका. त्यात मेण असतं, ढिगात तो तापतो आणि कोवळी मुळं भाजतात. दोन-तीन महिने शेणाबरोबर कुजवून, वास गेल्यावर वापरा. डिस्टिलरीचं पाणी क्षारयुक्त असतं. कृष्णाकाठची जी रानं आधीच खारावली आहेत तिथं ते नकोच.

प्रश्न: सोयाबीन हवेतलं नत्र जमिनीत भरतं, मग त्यानंतरच्या शाळूला (रब्बी ज्वारीला) युरिया कशाला? (वाचक, संकेश्वर परिसर)

अर्धवट खरं आहे. हिशेब करू. सोयाबीनच्या दाण्यात ३८ ते ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनात सव्वासहा भागांत एक भाग नत्र. १० क्विंटल दाणे विकले म्हणजे साधारण ६२ किलो नत्र गाडीत बसून गेलं. त्यातलं निम्मं किंवा जास्त मुळांवरच्या गाठींनी हवेतून आणलेलं असतं, उरलेलं तुमच्याच जमिनीतलं. तेव्हा दाणे नेल्यावर जमीन श्रीमंत होतेच असं नाही, काही वेळा उणंच पडतं. पुढच्या पिकाला जो फायदा दिसतो तो गळलेल्या पानांचा आणि मुळांचा, कारण ती लवकर कुजतात. मळणीनंतर भुसाही खळ्यावर पेटवला तर मग काय बोलायचं!

गाठी काम करतात का ते फुलोऱ्याच्या सुमारास पाहा. रोप उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. कुदळीनं मातीसकट काढून पाण्यात धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पेरताना जास्त युरिया दिला की आयतं नत्र मिळतं आणि झाड गाठी धरण्यात आळस करतं. सोयाबीन पहिल्यांदाच घेत असाल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं संवर्धन) लावा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक आधी लावायचं, रायझोबियम शेवटी.

शाळूचा युरिया किती कमी करायचा ते माती सांगेल. १५-२० ठिकाणची १५ ते २० सेंमी खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात द्या. बांधालगतची आणि उकिरड्याजवळची उचलू नका.

प्रश्न: जांबोटी-कणकुंबीच्या रानाला कुणी खत घालत नाही, तरी झाडं आभाळाला. तिथला पालापाचोळा आणून शेतात टाकला तर? (वाचक, खानापूर तालुका)

त्या रानाची माती जांभ्याची, धो-धो पावसानं धुतलेली आणि फारशी सकस नाही. तिथलं बरंचसं सत्त्व झाडांत आणि वरच्या चार बोटं थरात फिरतं राहतं. पान गळायच्या आधी झाड त्यातलं साधारण निम्मं नत्र-स्फुरद परत ओढून घेतं. उरलेलं पान खाली पडतं, वाळवी आणि किडे ते फोडतात, जूनच्या ओलीत बुरशी कुजवते आणि वरवर पसरलेली बारीक मुळं ते वाहून जायच्या आत टिपतात. जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम सुटा स्फुरद धरून बसतं. तोही मुळांना जोडलेली बुरशी सोडवून आणते. गळती इतकी थोडी की पाऊस, धूळ, झिजणारा खडक आणि नत्र बांधणारे जिवाणू ती भरून काढतात.

दरवर्षी पाला उचलला की हे चक्र तिथंच तुटतं. उघडा पडलेला जांभा उन्हानं टणक होतो आणि नवं रोप रुजत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातून परवानगीशिवाय काही आणणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हाही आहे.

त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. पावसाळ्याच्या तोंडावर हातभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड फाटी रोवायची. झाड जोमात आल्यावर कोवळा पाला छाटून भाताच्या लावणीआधी आठ-दहा दिवस चिखलात गाडायचा. टनभर ओल्या पाल्यात ६-७ किलो नत्र येतं. गोठ्यात आपल्याच शेतातलं काड आणि भाताचं तूस अंथरा. जनावराच्या नत्राचा निम्म्याच्या आसपास आणि पालाशाचा बहुतेक वाटा मुतात असतो. गोठ्याची जमीन ते पिऊन टाकत असेल तर उकिरड्यावर नुसता चोथा पोचतो.

प्रश्न: भातात पाणी कायम असतं. दोनदा युरिया टाकूनही पीक पिवळं. (वाचक, येळ्ळूर शिवार)

आधी कुठलं पान पिवळं आहे ते पाहा. खालची जुनी पानं असतील तर नत्र कमी. वरची कोवळी असतील तर गंधक किंवा लोहाचा संशय घ्या, युरिया वाढवून उपयोग नाही.

नत्र कमी असेल तर ते हवेत गेलं असण्याची शक्यता मोठी. पाण्याखाली मातीचा अगदी वरचा पातळ थरच हवेशीर असतो. तिथं युरियाच्या अमोनियमचं नायट्रेट होतं, ते खालच्या गुदमरलेल्या थरात उतरतं आणि तिथले जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरून नत्र वायुरूपानं सोडून देतात. रान एकदा सुकवून परत भरलं की हाच खेळ नव्यानं. तेव्हा युरिया उभ्या पाण्यात फेकू नका. पाणी काढून चिखल उघडा करा, खत मातीत मिसळा, एक दिवसानं पाणी घ्या आणि ५ सेंमीपर्यंत ठेवा. मात्रा तीन वेळा: लावणीला, फुटव्यांना, लोंबी धरताना. युरियाची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) मिळाली तर चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मध्ये एक, ७ ते १० सेंमी खोल खुपसा. तिथं अमोनियम मातीला चिकटून राहतं.

प्रश्न: तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश चालेल का? (वाचक, निपाणी)

नको. त्यातलं क्लोरीन पानात साठतं, पान ओल धरतं आणि नीट जळत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, पालाश ५० टक्के आणि गंधकही मिळतं. तंबाखूत पालाश पानातच असतो आणि पान विकलं जातं, त्यामुळे तो दरवर्षी भरावाच लागतो. ताटं चुलीत जात असतील तर राख त्याच रानात परत टाका. न कुजलेली ताटं मात्र टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून घालू नका, त्यातून केवड्याचा (मोझॅक रोगाचा) विषाणू तिथं जातो.