पॅड जपानचा, अमेरिकेचा की युरोपचा? जुन्या कंट्रोलरविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : सुपर निन्टेंडो या व्हिडिओ गेम कन्सोलचा अमेरिकन पॅड, म्हणजे कंट्रोलर, जांभळ्या बटणांचा, तर जपानी आणि युरोपीय पॅड चार रंगांचा. फरक फक्त रंगाचा आहे का? एकच घ्यायचा तर कोणता घ्यावा?

रंग बाजूला ठेवा आणि बटणांवरून अंगठा फिरवून बघा. १९९० साली जपानमध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉमच्या (सुपर निन्टेंडोचं जपानी नाव) पॅडवर चारही बटणं फुगीर आहेत. १९९१ च्या अमेरिकन पॅडवर ए आणि बी फुगीर, पण एक्स आणि वाय खोलगट.

'सुपर मारिओ वर्ल्ड' लावलात की हा फरक लगेच हाताला कळतो. पळायला वाय दाबून धरायचं आणि उडीला बी. म्हणजे अंगठ्याचं टोक वायवर रोवलेलं आणि त्याच अंगठ्याच्या पेराने बी दाबायचं. अमेरिकन पॅडवर टोक खळग्यात नीट बसतं, घसरत नाही, आणि खाली न बघता अंगठा कुठे आहे ते समजतं. जपानी पॅडवर अंगठा एका बटणावरून दुसऱ्यावर सहज लोळतो, म्हणून चारही बटणं भराभर लागणाऱ्या फायटिंग गेमला तो बरा पडतो. रंगीत पॅड देखणा आहे यात वाद नाही. पण उड्या मारायचे गेम जास्त खेळत असाल तर अमेरिकनच घ्या. शिवाय जपानी पॅडची वायर आखूड असते. टीव्हीपासून लांब बसणाऱ्यांना ती पुरत नाही.

प्रश्न : अमेरिकन पॅड युरोपीय सुपर निन्टेंडोला लावला. प्लग बरोबर बसला, पण एकही बटण चालत नाही. पॅड खराब निघाला का?

बहुतेक पॅड ठणठणीत असेल. प्लग सारखाच, सात पिनांचा, त्यामुळे गैरसमज होणारच. खरी भानगड पोर्टच्या आत आहे. कन्सोल पॅडला आधी 'बटणांची स्थिती टिपून ठेव' असा इशारा देतो आणि मग एकेक ठोका देऊन ती स्थिती क्रमाने वाचून घेतो. युरोपीय कन्सोलमध्ये हे इशारे नेणाऱ्या तारांवर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग, बसवलेले आहेत. त्यामुळे कन्सोल त्या तारेचा व्होल्टेज खाली ओढू शकतो, पण परत वर चढवू शकत नाही. ते वर चढवायचं काम युरोपीय पॅडमधले रेझिस्टर करतात. अमेरिकन आणि जपानी पॅडमध्ये ते नसतात, म्हणून इशारा पॅडपर्यंत पोचतच नाही.

उलट्या दिशेने अडचण येत नाही, युरोपीय पॅड अमेरिकन कन्सोलवर चालतो. तेव्हा पॅड उघडण्याआधी तो अमेरिकन किंवा जपानी कन्सोलला लावून बघा. तिथे चालला तर पॅड निर्दोष आहे. सोल्डरिंग येत असेल तर पॅडमध्ये रेझिस्टर घाला. कन्सोलमधले डायोड काढायच्या फंदात पडू नका. पॅड बिघडला तर दुसरा मिळेल, कन्सोल जपायला हवा.

प्रश्न : निन्टेंडोच्या आधीच्या जपानी कन्सोलच्या, फॅमिकॉमच्या, दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट आणि सिलेक्ट नाहीत. कुणी बदललाय का?

नाही, तो मुळातच तसा आहे. १९८३ च्या फॅमिकॉममध्ये दोन्ही कंट्रोलर कन्सोललाच कायमचे जोडलेले होते, आणि दुसऱ्यावर त्या दोन बटणांच्या जागी मायक्रोफोन आणि आवाजाची सरकपट्टी दिली होती. बोललात की आवाज टीव्हीतून येतो.

याचा मला सर्वांत आवडणारा उपयोग 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या १९८६ च्या जपानी डिस्क आवृत्तीत आहे. त्यात पोल्स व्हॉइस नावाचे मोठ्या कानांचे राक्षस मायक्रोफोनमध्ये ओरडलं की मरतात. अमेरिकन कन्सोलच्या कंट्रोलरला मायक्रोफोन नव्हता, तरी 'याला मोठा आवाज सहन होत नाही' ही सूचना तिथल्या माहितीपुस्तिकेत तशीच राहिली. मुलं गेममधली बासरी वाजवून थकली असतील! तिथला खरा उपाय बाण होता; एका बाणात काम तमाम.

पहिल्या कंट्रोलरची ए-बी बटणं चौकोनी, रबरी असतील तर तो सुरुवातीच्या खेपेतला. ती बटणं अडकायची, म्हणून पुढे गोल प्लास्टिकची आली.

प्रश्न : जपानी प्लेस्टेशन गेममध्ये 'होय'साठी गोलाचं बटण दाबावं लागतं. अमेरिकन पॅड वापरल्यामुळे असं होतं का?

पॅडचा काही संबंध नाही. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, त्यामुळे त्या काळी तिथल्या गेममध्ये गोल 'होय' असायचा. अमेरिकेत बहुतेक गेमनी फुलीला तो मान दिला. हे गेमच ठरवतो.

पॅडमधला खरा फरक आकारात आहे. १९९४ चा जपानी पॅड किंचित लहान, तर १९९५ चा अमेरिकन थोडा मोठा आणि लांब वायरचा. दोन स्टिकवाला १९९७ चा ड्युअल ॲनलॉग घेणार असाल तर जपानी शोधा. त्यात कंपन आहे, अमेरिकन आणि युरोपीय आवृत्तीतून ते काढून टाकलं होतं.

प्रश्न : सेगा सॅटर्नचा पॅड अमेरिकन घ्यावा की जपानी?

जपानी, डोळे झाकून. अमेरिकेतला १९९५ चा पहिला पॅड अवजड होता. पुढच्याच वर्षी सेगाने तिथेही जपानी आकाराचा पॅड आणला, आणि त्याची दिशा-चकती आजही बोटाखाली फार गोड चालते.