मातीचं बिल

(डिसेंबर 2025. या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई गेली 14 वर्षं पुण्यात बागा उभारून देण्याचा छोटा व्यवसाय करतात.)

प्रश्न : आमच्या बंगल्याभोवती हजार चौरस फुटांचं लॉन करायचं आहे. कंत्राटदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये लॉनपेक्षा माती आणि शेणखताचाच आकडा मोठा आहे. माती तर जमिनीत आहेच! हा माणूस आम्हाला गंडवतोय का? (एक वाचक, बावधन)

गंडवतोय की नाही ते मला इथे बसून सांगता यायचं नाही. पण नुसता आकडा मोठा आहे म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नका. आधी एक पहार घ्या आणि अंगणात चार ठिकाणी ठोकून बघा. नव्या बंगल्यांत मला काय सापडतं सांगू? वर चार बोटं माती, खाली मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गिलावा, फरशांचे कोपरे. एकदा तर गवंड्याची अख्खी थापी निघाली. बांधकामाचा राडारोडा उचलून न्यायला पैसे पडतात, म्हणून तो तिथेच पसरून वर माती भुरभुरवतात. त्याच्यावर लॉन टाकलंत तर पावसाळाभर हिरवंगार दिसेल आणि मार्चमध्ये काथ्याची चटई होईल.

हिशोब सोपा आहे. हजार चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे 500 घनफूट, म्हणजे पाच ब्रास. माती दोन-तीन पाण्यांनंतर खाली बसते, त्यामुळे 'बसल्यानंतर सहा इंच' असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. सगळे वाद याच एका ओळीवरून होतात. माती-मुरूम गौण खनिजांत मोडतं, तेव्हा रॉयल्टीची पावतीही मागा. कुणाचा तरी डोंगर रात्रीतून खरवडून आणलेली माती आपल्या दारात नको.

शेणखत मात्र हातात घेऊन बघा. मुरलेलं खत गार लागतं, चहाच्या चोथ्यासारखं मोकळं असतं आणि त्याला वास नसतो. कच्चं असेल तर त्यातून हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते आणि ती लॉनची मुळं खाते. मग लॉन गालिच्यासारखं हाताने गुंडाळता येतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्याच हाताने गुंडाळलंय.

एक आगाऊ सल्ला : हजारऐवजी चारशे फूट लॉन करा. उरलेल्या जागेत कुंती, अनंत, मोगरा, एखादा सोनचाफा लावा. माती तिथेही लागते, पण दर आठवड्याला मशीन फिरवावं लागत नाही.

प्रश्न : सोसायटीतल्या सातविणीच्या वासाने निम्म्या सभासदांचं डोकं दुखतं. झाडं तोडता येतील का? (सचिव, एक गृहरचना संस्था, पिंपरी-चिंचवड)

1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येणार नाहीत, आणि नुसत्या वासासाठी तोडावीत असं मला वाटतही नाही. सातवीण ऑक्टोबर ते डिसेंबर फुलते. हा अंक हातात पडेपर्यंत बहर ओसरलेला असेल. पुढच्या वेळी खिडकीखाली सातवीण लावायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. (हा सल्ला मी स्वतः पूर्वी बऱ्याच जणांना दिला आहे. माफी असावी.)

प्रश्न : ताई, मी राहुरीला उद्यानविद्येच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःचा लँडस्केपिंगचा व्यवसाय करायचा विचार आहे. तुमचं हे वर्ष कसं गेलं? खरं सांगा. (एक विद्यार्थी)

खरं विचारलंस म्हणून वही उघडून बसले आहे.

आमचं वर्ष मे महिन्यावर उभं असतं. मेअखेर माती पडली पाहिजे, सपाटी झाली पाहिजे, म्हणजे जूनच्या पावसाबरोबर लागवड. यंदा 20 मेच्या सुमारासच पाऊस सुरू झाला आणि 26 मेला मान्सून दाखल झाल्याचं जाहीरही झालं. माझा एक टिपर गेटाजवळ चाकाच्या आसापर्यंत रुतला होता. जेसीबी आणून ओढून काढला, त्यात सोसायटीचे पेव्हर ब्लॉक उखडले, ते माझ्या खर्चाने बसवले. पुढे तीन आठवडे जमिनीला वाफसा (चिखल सरून काम करण्याजोगी ओल) म्हणून आला नाही. समितीला मात्र उद्घाटनाची तारीख गाठायची होती. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, चिखलातच लॉन अंथरलं. ऑगस्टमध्ये जिथेतिथे डबकी. ऑक्टोबरमध्ये निम्मं काढून पुन्हा केलं. त्याचे पैसे मागितले नाहीत, मागूनही मिळाले नसते. दहा टक्के रिटेन्शन (बिलातून हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम) अजून त्यांच्याकडेच अडकलंय.

तुला कॉलेजात माती परीक्षण शिकवतील, ते नीट शिक. पण 'वाफसा नाही, काम होणार नाही' हे वाक्य समितीच्या बैठकीत चहाचा कप हातात धरून कसं म्हणायचं, ते कुणी शिकवत नाही. मला 14 वर्षांत जमलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी वहीत नाही. माझ्याकडे पहिल्यापासून असलेले माळीमामा परंडा तालुक्यातले. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी ते साइटवर आले, पाइप गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "ताई, गावाकडं पानी शिरलंय." त्या आठवड्यात सीना नदीने काय केलं ते तू बातम्यांत पाहिलं असशील. त्यांचं घर वाचलं. नदीकाठचं एकरभर सोयाबीन गेलं, आणि सोयाबीन गेलं म्हणजे नुसतं पीक नाही, खालची मातीही गेली. फोनवर फोटो पाठवला होता. मला वाटलं नदीचं पात्र आहे. ते शेत होतं.

त्याच दिवशी दुपारी मी बाणेरला एका टेरेस गार्डनसाठी दीड ब्रास लाल मातीचं बिल करत होते, लिफ्टने वर चढवायच्या मजुरीसकट. बिल पाठवलं. पैसेही वेळेवर आले. तरी त्या दिवसापासून 'माती' हा शब्द टाइप करताना हात जरा अडखळतो.

मामा दिवाळीनंतर परत आले. मधल्या काळात दोन साइटवरचं पाणी मी आणि माझ्या भाच्याने घातलं, आणि तेव्हा कळलं की ज्याला आम्ही कोटेशनमध्ये शेवटच्या ओळीत 'देखभाल' म्हणतो, तोच खरा धंदा आहे. रोपं कुणीही उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून भरून आणेल. ती मेमध्ये जिवंत ठेवणारा माणूस कुठून आणशील? पुढच्या वर्षी वर्षभराच्या देखभालीशिवाय एकही काम घ्यायचं नाही असं ठरवलंय, आणि मामांचा पगार त्या रकमेवर बांधायचा आहे. कामं कमी होतील. होऊ देत.

तेव्हा, व्यवसाय कर की नको? कर. पण आधी एक मे ते एक ऑक्टोबर कुणाच्या तरी हाताखाली पाइप धर.

गेल्या रविवारी मामांनी विचारलं, टिपर काय भावाने पडतो. गावच्या तलावातला गाळ मिळेलसं दिसतंय, वाहतूक आपली. म्हटलं, बसा, हिशोब करू. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. सहा इंचांचा थर धरला तर 21,780 घनफूट, म्हणजे जवळजवळ 218 ब्रास. तीन ब्रासच्या टिपरच्या 73 खेपा. रोज हाच हिशोब करते, पण कॅल्क्युलेटरवरचा आकडा मी दोनदा तपासला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा इंच ऱ्हाऊ द्या ताई. तीनच धरा."

109 ब्रास. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.