जिना तसाच राहिला

प्रिय बाय,

तुझं पत्र चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी हातात पडलं. घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची घाई होती, म्हणून उत्तर लांबलं असं म्हणू शकेन, पण खरं म्हणजे तुझ्या एका प्रश्नापाशी मी अडलो होतो. कॉलेजच्या पहिल्या दिवशी चार मुलांनी तुला व्हीलचेअरसकट उचलून पहिल्या मजल्यावर नेलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि तू घरी येऊन रडलीस. ‘मुलं चांगली होती काका, मग मला राग का आला?’

बाय, राग यायलाच हवा होता. खुर्ची मागे कलंडते तेव्हा पोटात गोळा येतो, ओढणी कुठे अडकते ते दिसत नाही, कुणाचा हात कुठे लागतो ते सांगायची सोय नसते, आणि वर पोचल्यावर हसून ‘थँक्यू’ म्हणावं लागतं. रोज, दोनदा. मुलांवर रागावू नकोस. आपल्याकडे माणसं पटकन धावून येतात, ते खोटं नाही. देवळातलं नाटक बघायला लहानपणी मामा मला खांद्यावर घेऊन जायचा, तो मायेने न्यायचा. पण त्याच मायेमुळे देवळाच्या पायऱ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली.

जोवर उचलून नेण्याला पर्याय नाही, तोवर उचलणाऱ्यांना नीट शिकव. पाय ठेवायचे फूटरेस्ट आणि हात टेकायच्या दांड्या बहुतेक खुर्च्यांना सुट्या असतात. तिथे धरलं तर त्याच हातात येतात आणि माणूस खाली. धरायचं ते मुख्य चौकटीला. वर नेताना तुझी पाठ जिन्याकडे हवी, आणि ‘उचला’ हा शब्द फक्त तू उच्चारायचा. तोंडातून आवाज फुटत नसेल तर घरी भावांबरोबर सराव कर.

आता माझी गोष्ट सांगतो, ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. मला पोलिओ तान्हेपणी झाला. उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा, आणि बगलेत कुबडी घेऊन मी एका कचेरीत नोकरी केली. माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकतीस पायऱ्या. मी त्या रोज चढलो, आणि साहेब नव्या लोकांना माझं उदाहरण द्यायचे. मला ते आवडायचं. संडास तळमजल्यावर असल्यामुळे सकाळी घरून निघाल्यापासून मी पाणी पीत नसे. पुढे मूतखडा झाला, लघवीला वारंवार जंतुसंसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता? मी खोटं बोललो.

एकदा दुपारी शिपायाने वर येऊन सांगितलं, खाली एक बाई व्हीलचेअरवर आहेत, अर्ज तुमच्याकडे द्यायचाय. मी कुबडी घेऊन खाली उतरलो, तोवर त्या निघून गेल्या होत्या. वर कसं जायचं विचारल्यावर त्यांना कुणीतरी म्हणालं होतं, ‘आमचे एक अपंग कर्मचारी रोज चढतात.’ माझंच उदाहरण त्यांच्या तोंडावर मारलं गेलं. एवढ्या वर्षांत माझं टेबल खाली आणा असा एक ओळीचा अर्जसुद्धा मी दिला नव्हता. मी चढत राहिलो म्हणून जिना तसाच राहिला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

म्हणून तुला सांगतो, अर्ज कर. तो लिफ्टसाठी नको. लिफ्ट म्हटलं की निधी, अंदाजपत्रक, मंजुरी, आणि तू पदवी घेऊन बाहेर पडशील. पहिला अर्ज एवढाच कर, की तुझ्या तुकडीचे तास तळमजल्यावरच्या वर्गात घ्यावेत. वेळापत्रकाचा कागद बदलायचा, पैसा लागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये सरकारी अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी इमारत वावरण्याजोगी करावी आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यावी, असं स्पष्ट म्हटलंय. ते कलम अर्जात लिही. ‘कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य गाळ. दोन प्रती ने, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नकोस. प्राचार्य गोड बोलतील, ‘कागद कशाला, आपण बघूया’ म्हणतील. कागद द्यायचाच. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि तिथे तो आवक क्रमांकच कामी येतो.

जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला याच कायद्याने पाच वर्षं दिली होती. नियम निघाले जून 2017 मध्ये, म्हणजे मुदत 2022 ला संपली. दृष्टिहीन असलेल्या राजीव रातुरी यांनी अशा सोयींसाठी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 8 नोव्हेंबर 2024 ला न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता यावी यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मधली एकोणीस वर्षं मोज. एका अर्जाला महिना लागला तर खचू नकोस.

रॅम्प बांधतो म्हणाले तर टेप घेऊन स्वतः हजर राहा. एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी लागते. सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट. गवंडी जागा बघून पाच फुटांत आटपतो. त्यावर मोटारसायकल चढते, तू उलटी पडशील. वर गुळगुळीत लादी नको. पावसात आपल्याकडे चिऱ्यावर शेवाळ धरतं तिथे लादीचं काय होतं ते तू बघितलंयस. आणि शौचालय ‘आहे’ म्हणाले तर दार उघडून दाखवायला सांग. मी असं एक उघडायला लावलं, तर आत जुन्या फायली आणि मोडके पंखे निघाले.

पाणी मात्र पी. शौचालय नाही म्हणून तहान मारायची नाही, हे मी तुला हात जोडून सांगतो.

तू लिहिलंस की बाहेर जाणं म्हणजे सतत कुणाचे तरी आभार मानणं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत कधी बसलीस का? बोटीचं तोंड धक्क्यावर टेकतं आणि लोखंडी फळी खाली येते. स्कूटर चढतात, मोटारी चढतात, कोळणी पाट्या घेऊन चढतात, आणि त्यांच्यातच मी. पायरीच नाही. वाहनांसाठी केलेली सोय, आपल्याला आयती मिळाली. तिथे मला कुणी उदाहरण म्हणून दाखवत नाही, आणि पलीकडे उतरताना मी कुणाचे आभार मानत नाही. पैसे खर्चून बांधलेल्या किती इमारतींत मला असं वाटलं ते आठवून बघतो, तर फार नावं आठवत नाहीत.

फळीच्या टोकाला तीन-चार बोटांचा उंचवटा असतो, तिथे तुझी पुढची लहान चाकं अडतील. उलटी हो, मोठी चाकं आधी चढव. ओहोटीला धक्का तीव्र उतरता होतो आणि खालच्या भागावर चिखल असतो, तेव्हा जायचं नाही.

पुढच्या रविवारी ये. अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन ये, बोटीतच वाचू. टेप मी आणतो, भरतीची वेळ तू बघून ठेव.

तुझा,
काका