बर्फ नसताना झरमॅटला चार दिवस काय करायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. जुलैमध्ये आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे स्वित्झर्लंडला चाललोय. झरमॅटला चार रात्री बुक केल्यात. आता नातेवाईक म्हणतात ते तर स्कीइंगचं गाव, उन्हाळ्यात तिथे काय ठेवलंय, एक दिवस पुरे आणि बाकीचे दिवस दुसरीकडे फिरा. बुकिंग बदलू का?

उत्तर : अजिबात बदलू नका, उलट ज्यांनी एकच रात्र ठेवलीये त्यांना मी सांगते की वाढवा. कारण साधं आहे, मॅटरहॉर्न रोज दिसतोच असं नाही. ४४७८ मीटरचा डोंगर तो, ढगात गेला की दिवसभर बाहेर येत नाही, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे लोक मग ढगांचेच फोटो घेऊन जातात. चार दिवस हातात असले की एखादी सकाळ लख्ख मिळण्याची आशा तरी राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्कीइंगसाठी बांधलेल्या केबल कार आणि ट्रेन उन्हाळ्यातही चालतात. म्हणजे जो चढ चढायला तीन-चार तास लागले असते तिथे तुम्ही काही मिनिटांत पोहोचता, आणि हिवाळ्यात जिथे लोक स्की करत असतात तिथे जुलैमध्ये हिरवं कुरण, रानफुलं, पाण्याचे ओहोळ आणि चालायला नीट आखलेल्या वाटा असतात. चढायला मशीन आणि उतरायला किंवा सपाटीवर चालायला आपले पाय, उन्हाळ्यातल्या झरमॅटची मजा खरं सांगायचं तर एवढ्यातच आहे.

रोज उठल्यावर पहिलं काम, वरच्या स्टेशनांवरचे लाइव्ह कॅमेरे फोनवर बघायचे. आकाश स्वच्छ दिसलं की त्याच दिवशी गोर्नरग्राट या उंचावरच्या व्ह्यू पॉइंटची ट्रेन पकडायची. ही दात्यांच्या रुळावर चालणारी विजेची ट्रेन १८९८ पासून सुरू आहे, गावातून निघून साधारण अर्ध्या तासात ३०८९ मीटरवर नेते. वर जाताना उजव्या बाजूला बसा, मॅटरहॉर्न त्याच बाजूला दिसतो. म्हणूनच तारखा पक्क्या करून सगळी तिकिटं आधीच घेऊन ठेवू नका, हवामान बघून घ्या. स्विस ट्रॅव्हल पास (देशभरच्या ट्रेन-बसचा एकत्र पास) असेल तर झरमॅटपर्यंतचा प्रवास त्यात येतो, पण गोर्नरग्राटचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि त्यावर निम्मी सवलत मिळते, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर खिडकीवर गोंधळ होतो. मुलांची सवलत तिथेच विचारून घ्या.

आणि हो, गाडी भाड्याने घेणार असाल तर ती झरमॅटमध्ये नेता येत नाही. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात बंदी आहे, खाली टेश गावात पार्क करून शटल ट्रेनने यायचं, बारा-पंधरा मिनिटं लागतात. गावात छोट्या विजेच्या टॅक्सी फिरतात, त्यांचा आवाज येत नाही म्हणून मुलीचा हात धरून चाला.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना बीपी आहे. त्यांना वर नेऊ की गावातच बसवू? (वरच्याच वाचक)

उत्तर : गावातच बसवायला इतक्या लांब कशाला न्यायचं? न्या की वर, फक्त कुठे न्यायचं ते नीट ठरवा.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे सुनेगा. डोंगराच्या पोटातून बोगद्याने जाणारी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची ट्रेन) आहे, पाचेक मिनिटांत २२८८ मीटरवर सोडते आणि समोर मॅटरहॉर्न. स्टेशनच्या जरा खाली लाइझे नावाचं छोटं तळं आहे, काठाला खेळायची जागा, मुलं पाण्यात उतरतात (गार असतं, टॉवेल आणि जादा कपडे ठेवा). आईबाबा काठावर निवांत बसतील, मुलगी खेळेल, तुम्ही दोघं थोडं पुढे चालून या. अख्खा दिवस इथेच गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

गुडघ्यांबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो. त्यामुळे 'ट्रेनने वर, पायी खाली' हा तुमचा-माझा नियम आईंना लावू नका. त्यांनी दोन्हीकडून ट्रेननेच जावं. गोर्नरग्राटवर स्टेशनपासून व्ह्यू पॉइंट जवळच आहे आणि बसायला जागाही आहे.

बीपीचं मात्र निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला, 'तीन हजार मीटरवर अर्ध्या तासात जाणार आहोत' असं स्पष्ट सांगून विचारा. पहिल्याच दिवशी वर धावू नका, एक रात्र गावात १६०० मीटरवर झोपा, दुसऱ्या दिवशी सुनेगा, मग गोर्नरग्राट. वर हळू चाला, पाणी पीत राहा, डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर फोटोसाठी थांबू नका, पुढच्या ट्रेनने खाली या. खाली आलं की बहुतेकदा लगेच बरं वाटतं.

प्रश्न : बर्फात खेळायला मिळेल का पण? मुलगी त्यासाठीच हट्ट धरून बसलीये.

उत्तर : मिळेल. केबल कारने क्लाइन मॅटरहॉर्नला जा, ३८८३ मीटर, युरोपातलं सर्वात उंच केबल कार स्टेशन. तिथे हिमनदीच्या आत कोरलेला बर्फाचा महाल आहे आणि बाहेर भर जुलैत लोक स्की करताना दिसतात, वेगवेगळ्या देशांच्या टीम सरावाला येतात. स्कीइंग सकाळचंच असतं, उन्हाने बर्फ मऊ पडायच्या आत, म्हणून लवकर पोहोचा. गॉगल, सनस्क्रीन, हातमोजे, जाड जॅकेट हे सगळं लागतं, खाली गावात टी-शर्टवर फिरत असलात तरी. बाबांना मात्र इथे डॉक्टरांचा होकार असल्याशिवाय नेऊ नका, ही उंची गोर्नरग्राटपेक्षा बरीच जास्त आहे.

प्रश्न : आम्ही तिघी कॉलेजच्या मैत्रिणी, ट्रेकिंगची सवय आहे पण आल्प्समध्ये पहिल्यांदाच. गाइड घ्यायलाच हवा का आणि कुठली वाट करू?

उत्तर : मळलेल्या वाटांना गाइड लागत नाही, पाट्या वाचता आल्या की झालं. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, चढ-उतार, कुठे अरुंद, चांगले बूट हवेत. पांढरी-निळी-पांढरी दिसली की तुम्ही तिघींनी मागे फिरायचं, तिथे हिमनदी किंवा कातळ चढणं येऊ शकतं. पाटीवर लिहिलेला वेळ नुसत्या चालण्याचा असतो, विश्रांती आणि फोटो धरून तो दीडपट समजा.

पहिली वाट पाच तळ्यांची करा. सुनेगाहून पुढे केबल कारने ब्लाउहेर्ड, तिथून चालत सगळ्यात आधी श्टेलिझे हे तळं. वारा पडलेला असेल तर मॅटरहॉर्न अख्खाच्या अख्खा पाण्यात उलटा दिसतो, आणि हे सकाळीच, ऊन तापून वारा सुटला की पाणी हलतं आणि प्रतिबिंब गेलं. म्हणून लवकरची केबल कार पकडा. नऊ-दहा किलोमीटर होतात, पाचही तळी वेगवेगळी आहेत, त्यातलं मोसयीझे दुधाळ निळसर दिसतं कारण हिमनदीने दगड घासून केलेली बारीक पूड त्याच्या पाण्यात तरंगत असते. वाटेत शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज आला तर थांबून बघा, मार्मोट असतो, मोठ्या खारीसारखा प्राणी, बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून बाकीच्यांना इशारा देतो, तुम्ही हलला नाहीत तर दोन मिनिटांनी परत गवत खायला लागतो. खायला घालू नका. एडलवाइज हे पांढरं रानफूल दिसलं तर फोटो काढा, तोडू नका. वासरू असलेल्या गाईजवळून जाऊ नका, लांबून वळसा घ्या, ती शांत दिसली तरी.

पाय चांगले असतील तर दुसऱ्या दिवशी ट्रेनने रॅन्डाला उतरून चार्ल्स कुओनेन झुलता पूल करा. ४९४ मीटर लांब, २०१७ मध्ये सुरू झाला, खाली जाळी आहे त्यामुळे पायाखालची दरी दिसत राहते, उंचीची भीती असलेल्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, मधोमध गेल्यावर नको. पुलापर्यंत पोहोचायलाच सहाशे-सातशे मीटरचा खडा चढ आहे.

दुपारनंतर वादळी पाऊस येतो, उन्हाळ्यात हे नेहमीचंच. जे काही उंचावरचं आहे ते सकाळी उरका. ढगांचा गडगडाट ऐकू आला की कड्यावरून आणि पाण्याजवळून खाली निघा. शेवटची केबल कार किती वाजता हे वर जातानाच बघून घ्या, ती चुकली तर चालतच उतरावं लागतं. आपत्कालीन नंबर ११२ किंवा १४४.

प्रश्न : आमच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस पावसाचा अंदाज आहे. वाया जाणार का?

उत्तर : नाही हो. चर्चजवळच्या म्युझियममध्ये दोन तास द्या. १४ जुलै १८६५ ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि सहा जण मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोहोचले, उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघांचा जीव गेला. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. बोटाएवढा बारीक दोर, तुटलेल्या टोकाला उसवलेले धागे, त्याच्यासमोर माणसं आपोआप गप्प होतात. त्या डोंगरावर गेलेल्या कित्येकांच्या कबरी बाहेरच आहेत, तिथे शांतपणे जाऊन या, सेल्फी नकोत.

मग छत्री घेऊन हिंटरडॉर्फ या गावाच्या जुन्या भागातल्या गल्लीत. जुनी, उन्हाने काळी पडलेली लाकडी कोठारं, आणि प्रत्येक कोठाराच्या पायाखाली चपटे गोल दगड, उंदीर वर चढून धान्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून बसवलेले. खाली वाकून बघा, खांब आणि कोठार यांच्यामध्ये आडवी चकती दिसते, उंदराला तिच्यावरून उलटं लटकून जाता येत नाही. शेकडो वर्षांपूर्वीची युक्ती, अजून जशीच्या तशी उभी आहे.

जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत गेलात तर सकाळी बकऱ्यांचा कळप मुख्य रस्त्यावरून चरायला जातो आणि संध्याकाळी परत येतो, तोंडाकडचं अर्धं अंग काळं, मागचं अर्धं पांढरं. वेळ हॉटेलमध्ये विचारा आणि रस्त्याच्या कडेला उभे राहा, मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये.

प्रश्न : शाकाहारी आहोत, खायचे हाल होतील का? आणि खर्च?

उत्तर : हाल नाही, पण महाग आहे. बटाट्याची रोस्टी, चीज वितळवून बटाट्यावर घालतात ते राक्लेट (ते इथलंच, झरमॅट ज्या व्हॅले प्रांतात आहे तिथलं), पास्ता, सूप मिळतं. रोस्टीत बेकन घालतात, ऑर्डर करताना विचारा. स्टेशनसमोर सुपरमार्केट आहे, तिथून ब्रेड, चीज, फळं, दही घेऊन डब्यात भरा आणि वर तळ्याकाठी खा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याचंच असतं, गावातल्या कारंज्यावर 'पिण्याचं नाही' अशी पाटी नसेल तर तिथेही भरून घ्या. किचन असलेली खोली मिळाली तर ती घ्या, आईबाबांना संध्याकाळी गरम वरणभात मिळतो.